विषशास्त्राचें स्वतंत्र घर

विष आणि विषावरील उतारा ह्यांचा विचार मनुष्यजातीनें फार प्राचीन काळापासून केलेला आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांत अगदतंत्र हें एक स्वतंत्र अंग मानलें गेलें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत राजाच्या ताटांतील अन्नाची परीक्षा कशी करावी ह्याचे नियम आहेत. युरोपांत सोळाव्या शतकांत पॅरासेल्ससनें द्रव्याचें विषपण मात्रेवर अवलंबून असतें हा सिद्धान्त मांडला. आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पॅरिस येथील ऑर्फिला ह्या पंडितानें न्यायालयाच्या उपयोगीं पडणारें विषशास्त्र ग्रंथांत व्यवस्थित बांधून ठेवलें. विद्या इतकी जुनी. परंतु जेथें नवनवीं रासायनिक द्रव्यें सर्वांत अधिक वेगानें निर्माण होत होतीं त्या अमेरिकेंत ह्या विद्येच्या सर्व शाखांना एका छपराखालीं आणणारी राष्ट्रीय संस्था इ. स. १९६१ पर्यंत नव्हती.

ह्याचें कारण असें कीं, विषांचा अभ्यास करणारा मनुष्य त्या देशांत सर्वत्र होता आणि कोठेंच नव्हता. विद्यापीठांत तो औषधशास्त्राच्या खात्याचा एक कोपरा धरून बसे. कारखान्यांत तो नव्या रंगांची आणि कीटकनाशकांची परीक्षा करी. सरकारदरबारीं तो अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेंत उंदीर आणि कुत्रे पाळून असे. आणि युद्धकाळांत तर विषारी वायू व अणुद्रव्यें ह्यांच्या गुप्त कामांत तो पार गढून गेलेला असे. औषधशास्त्राच्या परिषदांत त्याचे निबंध वाचले जात, पण ते पाहुण्याच्या नात्यानें. औषधशास्त्रज्ञाचें सारें लक्ष द्रव्यानें रोगी बरा कसा होतो इकडे. तेंच द्रव्य मारक केव्हां होतें हा प्रश्न त्याला दुय्यम वाटे.

तो दुय्यम नाहीं, हें अमेरिकेला १९३७ सालीं फार मोठें मोल देऊन कळलें. टेनेसी संस्थानांतील ब्रिस्टल गांवच्या मॅसेंजिल कंपनीनें त्या वर्षीं सल्फानिलमाइड हें नवें गुणकारी औषध पातळ स्वरूपांत विकावयास काढलें. गोळी गिळण्यास कुरकुर करणाऱ्या मुलांना गोड, रासबेरीच्या स्वादाचें औषध मिळावें हा हेतु. औषध विरघळविण्यासाठीं कंपनीच्या रसायनज्ञानें डायएथिलीन ग्लायकॉल हें द्रव्य वापरलें. रंग पाहिला, वास पाहिला, चव पाहिली. जनावराला तें पाजून मात्र कोणी पाहिलें नाहीं, कारण तशी सक्ती करणारा कायदाच नव्हता. थोड्याच आठवड्यांत पंधरा संस्थानांतून मृत्यूच्या वार्ता येऊं लागल्या. मूत्रपिंडें निकामी होऊन शंभरांहून अधिक माणसें दगावलीं, आणि त्यांत चौतीस मुलें होतीं. कंपनीनें एकंदर २४० गॅलन औषध तयार केलें होतें. सरकारी निरीक्षकांनीं दुकानें, दवाखाने आणि प्रवासी विक्रेते धुंडाळून त्यांतील २३४ गॅलनांहून थोडें अधिक परत मिळविलें. एवढा संहार केला तो उरलेल्या सहा गॅलनांनीं.

ह्या प्रकरणाचा कायदेशीर शेवट तर अधिकच विलक्षण झाला. विष विकल्याबद्दल कंपनीवर खटला भरतां येईना. 'एलिक्झिर' हा शब्द मद्यार्कयुक्त औषधासच लावावयाचा आणि ह्या औषधांत मद्यार्क नव्हता, म्हणून खोटें नांव लावल्याच्या आरोपावरून काय तो दंड झाला! पुढच्याच वर्षीं, १९३८ मध्यें, अमेरिकेनें नवा कायदा केला आणि नवें औषध बाजारांत आणण्यापूर्वीं तें निर्धोक असल्याचा पुरावा सरकारापुढें ठेवणें कंपन्यांस भाग पाडलें. हेंच डायएथिलीन ग्लायकॉल आपल्याकडेही येऊन गेलेलें आहे. १९८६ च्या आरंभीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत भेसळीच्या ग्लिसरीनमधून तें चौदा रोग्यांच्या पोटांत गेलें, आणि न्यायमूर्ति लेंटिन ह्यांच्या आयोगानें त्या मृत्यूंची चौकशी केली. २०२५ सालीं मध्यप्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत खोकल्याच्या औषधांतून तेंच द्रव्य गेलें, वीसांहून अधिक बालकें दगावलीं, आणि त्यांतील अनेकांवर नागपुरास उपचार झाले होते.

ह्या विषाचें मारकत्व प्राण्यांवर प्रयोग करून ज्या प्रयोगशाळांनीं सिद्ध केलें, त्यांत शिकागो विद्यापीठांतील युजीन गाइलिंग ह्यांची प्रयोगशाळा प्रमुख होती. तेथें फ्रान्सिस ओल्डम नांवाची एक कॅनडाची विद्यार्थिनी काम करीत होती. पुढें केल्सी ह्या नांवानें जगभर विख्यात झाल्या त्या ह्याच. फ्रान्सिस हें नांव पुरुषाचें समजून गाइलिंग ह्यांनीं त्यांना स्वीकृतीचें पत्र 'मिस्टर' असें संबोधून धाडलें होतें. तो गैरसमज वेळींच दूर झाला असता तर अमेरिकेंतील किती बालकें हातापायांवांचून जन्मलीं असतीं, ह्याचा हिशेब करवत नाहीं.

नव्या कायद्यानें 'निर्धोक' हा शब्द वापरला खरा. पण निर्धोक म्हणजे काय आणि तें मोजावयाचें कसें, हें कायद्यानें सांगितलें नव्हतें. तें काम अन्न व औषध प्रशासनांतील आर्नल्ड लेहमन आणि त्यांचे सहकारी ह्यांच्याकडे आलें. उंदरांना किती दिवस आणि किती मात्रेनें द्रव्य द्यावें, कोणकोणत्या अवयवांची परीक्षा करावी, ह्याच्या पद्धति त्यांनीं १९४९ सालीं एकत्र छापल्या. १९५४ सालीं लेहमन आणि फिट्झह्यू ह्यांनीं शंभराचा नियम सुचविला. ज्या मात्रेनें जनावरांना कांहींही अपाय होत नाहीं ती घ्यावी आणि शंभरानें भागावी. येणारी मात्रा मनुष्यास चालावी. शंभर कां? मनुष्य उंदरापेक्षां दहापट नाजूक असूं शकेल, आणि माणसामाणसांतही एखादें मूल किंवा आजारी म्हातारा धडधाकट माणसापेक्षां दहापट नाजूक असूं शकेल, अशी पुढें ह्या आंकड्याची फोड करण्यांत आली. दाहीं दाहे शंभर. हा आंकडा निसर्गानें लिहून दिलेला नव्हे, सावधगिरीनें ठरविलेला आहे. तरी जगांतील अन्नपदार्थांचे कितीतरी कायदे अद्यापही त्याच्यावर उभे आहेत. लेहमन हे मोठे मार्मिक गृहस्थ. विषशास्त्रज्ञ होण्यास दोनच सोपे धडे पुरतात, मात्र प्रत्येक धड्यास दहा वर्षें लागतात, असें ते थट्टेनें म्हणत असल्याचें सांगतात.

१९५८ मध्यें अमेरिकन काँग्रेसनें आणखी एक पाऊल टाकलें. ज्या द्रव्यानें मनुष्यास किंवा जनावरास कर्करोग होतो असें आढळेल तें अन्नांत मिसळण्यास कोणत्याही मात्रेंत परवानगी मिळणार नाहीं, असें कलम कायद्यांत आलें. दुसऱ्याच वर्षीं, १९५९ च्या नोव्हेंबरांत, आभारदिनाच्या मेजवान्या तोंडावर आल्या असतां, क्रॅनबेरीच्या कांहीं मालांत उंदरांना गांठी आणणाऱ्या तणनाशकाचा अंश सांपडल्याचें मंत्री आर्थर फ्लेमिंग ह्यांनीं जाहीर केलें. देशभर हाहाकार उडाला. लोकांचा धीर सुटूं नये म्हणून निक्सन ह्यांनीं सभेंत क्रॅनबेरी खाऊन दाखविल्या आणि केनेडी ह्यांनीं त्यांचा रस पिऊन दाखविला. निवडणूक जवळ आली होती हें सांगावयास नकोच. पण शास्त्राचा प्रश्न राजकारण्यांनीं ताटावर बसून सोडवावा, ह्याहून त्या शास्त्राची निराधार स्थिति ती कोणती? बोलण्याचा अधिकार कोणाचा, हेंच ठरलेलें नव्हतें.

अशा वेळीं मार्च १९६१ मध्यें वॉशिंग्टन येथें नऊ शास्त्रज्ञ एकत्र जमले आणि 'सोसायटी ऑफ टॉक्सिकॉलॉजी' ही संस्था स्थापन झाली. त्यांत लेहमन सरकारचे होते. शेफर, ड्रिल आणि कूल्स्टन हे रासायनिक व औषधी कंपन्यांच्या प्रयोगशाळांतून आले होते. ड्युबॉइस, डाइकमन आणि लार्सन हे विद्यापीठांतील. हॅरी हेज ह्यांनीं लेहमन व कूल्स्टन ह्यांच्यासह दोन वर्षांपूर्वीं, १९५९ सालीं, विषशास्त्राचें एक स्वतंत्र नियतकालिक सुरू केलेलें होतें. म्हणजे पत्र आधीं निघालें आणि संस्था मागाहून आली. आपल्याकडील कित्येक चळवळींचाही क्रम हाच आहे. नववे गृहस्थ रॉचेस्टर विद्यापीठाचे हॅरॉल्ड हॉज. पहिलें अध्यक्षपद त्यांच्याकडे गेलें.

हॉज ह्यांचा जन्म १९०४ सालचा. मूळचे ते रसायनशास्त्रज्ञ. १९३१ पासून रॉचेस्टर येथें त्यांचें काम दांतांवर चालत असे. दांत आणि हाडें कशाचीं बनतात, फ्लोराइड त्यांत कसें जाऊन बसतें, ह्या संशोधनानें त्यांचें नांव झालें. १९५७ सालीं ग्लिसन आणि गॉसलिन ह्या सहकाऱ्यांसह त्यांनीं एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा विषय घरांत आणि शेतावर वापरल्या जाणाऱ्या बाजारी वस्तूंचा होता. फरशी पुसण्याचें द्रावण, जोड्यांचें पॉलिश, झुरळांची पूड ह्यांत काय काय असतें आणि तें कितपत विषारी आहे, ह्याची त्यांत प्रतवारी होती. मध्यरात्रीं एखादी आई मुलानें बाटली तोंडाला लावली म्हणून धांवत आली तर दवाखान्यांतील तरुण डॉक्टरानें कोणतें पान उघडावें, हें त्या ग्रंथानें सांगितलें. कंपन्या आपल्या मालाचें घटक गुपित म्हणून जपत असत. तें गुपित डॉक्टरासाठीं थोडें तरी उघडें करणें हा त्या ग्रंथाचा खरा पराक्रम.

ह्या ग्रंथाचा उल्लेख मुद्दाम केला. नव्या संस्थेपुढें हॉज आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं जीं उद्दिष्टें ठेवलीं तीं समजण्यास त्याचा उपयोग होतो. विषशास्त्र हें औषधशास्त्राचें शेपूट नव्हे, त्याला स्वतःच्या पद्धति, स्वतःची वार्षिक सभा आणि स्वतःचें मुखपत्र असावें, हें पहिलें उद्दिष्ट उघडच आहे. विद्यापीठ, सरकार आणि कारखाना ह्या तिन्ही ठिकाणच्या माणसांनीं एका व्यासपीठावर बसावें हें दुसरें. परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट दारावरच्या नियमांत आहे. विषशास्त्राच्या कोणत्या तरी अंगावर स्वतः मूळ संशोधन करून तें ज्यानें प्रसिद्ध केलें असेल, त्यालाच सभासद होतां येईल असा नियम करण्यांत आला. पदवी नव्हे, हुद्दा नव्हे. छापलेलें काम दाखवा.

ह्या नियमाचें महत्त्व शेजारच्या घराशीं तुलना केल्यानें कळतें. अमेरिकेंतील औषधशास्त्रज्ञांची राष्ट्रीय संस्था जॉन जेकब एबल ह्यांच्या पुढाकारानें १९०८ सालीं निघाली होती. औषधी कंपनीच्या कायम चाकरींत असलेल्या मनुष्यास सभासद करून घ्यावयाचें नाहीं, असा तिचा कडक दंडक असे. धन्याच्या मिठाला जागणारा मनुष्य सत्याला जागेलच असें नाहीं, ही त्यामागची शंका. आणि त्या काळच्या पेटंट औषधांचा सुळसुळाट पाहतां ती शंका गैरवाजवी म्हणतां येत नाहीं. तो दंडक १९४१ पर्यंत टिकला. विषशास्त्राला मात्र असें सोंवळें परवडणारें नव्हतें. नव्या द्रव्यांची पहिली ओळख होते ती कारखान्यांत. तेथील शास्त्रज्ञाला दाराबाहेर ठेवलें तर अर्धें शास्त्रच बाहेर राहतें. म्हणून नव्या संस्थेनें मनुष्य कोणाचा हें विचारलें नाहीं. त्याचें काम सर्वांना वाचावयास मिळतें कीं नाहीं एवढेंच विचारलें. एबल ह्यांनीं चाकरीवर जो पहारा ठेवला, तोच हॉज ह्यांच्या पिढीनें प्रसिद्धीवर ठेवला. ह्या दोहोंत दुसरा मार्ग अधिक उदार होता, आणि अधिक धाडसाचाही होता.

एप्रिल १९६२ मध्यें अटलांटिक सिटी येथें संस्थेची पहिली वार्षिक सभा भरली. मूळ सभासद १८३. त्या सभेच्या भोंवतालचें वर्ष विषशास्त्राच्या इतिहासांत अद्वितीय ठरावें असें आहे. सभेपूर्वीं पांच महिने जर्मनींतील बाजारांतून थॅलिडोमाइड हें झोपेचें औषध मागें घेण्यांत आलें होतें. गरोदरपणीं तें घेतलेल्या स्त्रियांचीं हजारों मुलें व्यंग घेऊन जन्मलीं होतीं. अमेरिकेंत त्याच्या विक्रीच्या परवानगीचा अर्ज सप्टेंबर १९६० पासून पडून होता. तो अडवून धरणाऱ्या अधिकारी म्हणजे गाइलिंग ह्यांच्या त्याच विद्यार्थिनी, फ्रान्सिस केल्सी. कंपनीचीं पत्रें आलीं, दूरध्वनि आले, वरिष्ठांकडे तक्रारी गेल्या. परंतु पुरावा अपुरा आहे हें त्यांचें उत्तर ढळलें नाहीं. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत रेचेल कार्सन ह्यांचें कीटकनाशकांवरील पुस्तक प्रसिद्ध झालें आणि ऑक्टोबरांत औषधांचा कायदा आणखी कडक झाला. संस्थेच्या पाळण्याची दोरी हातांत होती तोंच सारें जग विषशास्त्रज्ञांकडे वळून पाहूं लागलें.

घर पुढें वाढलें. रॉचेस्टरमध्येंच तयार झालेले लुई कॅसरेट आणि शिकागोच्या परंपरेंतील जॉन डल ह्यांच्या नांवें ओळखलें जाणारें विषशास्त्राचें मोठें पाठ्यपुस्तक १९७५ सालीं निघालें. कॅसरेट मात्र तें पाहावयास राहिले नाहींत. १९७९ मध्यें ह्या व्यवसायाची स्वतंत्र प्रमाणपत्र-परीक्षा घेणारें मंडळ उभें राहिलें. हें सर्व हॉज ह्यांच्या पहिल्या उद्दिष्टास धरूनच झालें.

परंतु दारावरच्या पहाऱ्याला एक खिडकी मोकळी राहून गेली होती. शास्त्रज्ञ जें छापतो तें सर्वांना दिसतें. पण औषध किंवा कीटकनाशक मंजूर होतें तें बहुधा न छापलेल्या अहवालांवर. कंपनी पैसे देते, खाजगी प्रयोगशाळा प्रयोग करते, आणि कागद थेट सरकारच्या कपाटांत जातो. अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत 'इंडस्ट्रियल बायो-टेस्ट' नांवाची अशीच एक प्रचंड प्रयोगशाळा होती. १९७६ सालीं सरकारी तपासनिसांनीं तिचीं दप्तरें उघडलीं तेव्हां मेलेले म्हणून नोंदलेले उंदीर पुढील पानांवर जिवंत होऊन वजनानें वाढतांना आढळले! कित्येक जनावरें तर कुजून गेल्यामुळें तपासतांच आलीं नव्हतीं, तरी अहवाल पूर्ण होते. १९८३ मध्यें तिचे तीन अधिकारी दोषी ठरले. त्याआधींच, १९७८ च्या अखेरीस, प्रयोगशाळांनीं नोंदी कशा ठेवाव्या ह्याचे सक्तीचे नियम अमेरिकन सरकारनें केले होते. प्रसिद्धीच्या तत्त्वानें जें साधलें नाहीं तें तपासणीच्या भीतीनें साधावें लागलें. संस्थापकांपैकीं लार्सन ह्यांचा तंबाखूवरील बृहद्ग्रंथ १९६१ सालींच, तंबाखूच्या धंद्याच्या साहाय्यानें, प्रसिद्ध झाला होता, हेंही येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. छापलेलें सारें निर्मळ असतें असें नव्हे.

आणि खुद्द हॉज? उघडेपणाच्या ह्या पुरस्कर्त्याच्या आयुष्याचीं कांहीं वर्षें बंद दाराआड गेलेलीं होतीं. युद्धकाळांत अणुबाँबच्या योजनेचा एक विभाग रॉचेस्टर येथें होता, आणि युरेनियमच्या धुळीचा कामगारांच्या शरीरावर काय परिणाम होतो ह्या संशोधनाचें नेतृत्व हॉज ह्यांच्याकडे होतें. उंदीर, ससे आणि कुत्रे ह्यांवर महिनोन् महिने प्रयोग झाले. युरेनियमचा मुख्य घाव मूत्रपिंडावर बसतो हें निश्चित झालें. हें ज्ञान १९४९ पासून ग्रंथरूपानें बाहेर आलें आणि त्याचा लाभ हजारों कामगारांना झाला. परंतु सर्व कागद बाहेर आले नाहींत. १९४५ आणि १९४६ ह्या वर्षांत रॉचेस्टरच्या रुग्णालयांत अकरा रोग्यांच्या शिरेंत प्लुटोनियम टोंचलें गेलें. त्यानंतर आणखी सहा जणांना युरेनियम देण्यांत आलें. आपल्याला काय दिलें जात आहे हें त्या रोग्यांना सांगण्यांत आलें नव्हतें. ह्या प्रयोगांच्या आखणींत हॉज ह्यांचाही भाग होता. १९४७ सालीं अणुशक्ति आयोगाच्या एका पत्रानें असे कागद गुप्तच ठेवावे असें बजावलें, आणि त्याचें कारण शत्रूचें भय हें नव्हतें. लोकमत बिघडेल आणि दावे लागतील हें होतें.

अटलांटिक सिटीच्या सभेंत हॉज अध्यक्षस्थानीं बसले तेव्हां ते कागद कपाटांत होते. १९७० च्या सुमारास ते रॉचेस्टर सोडून कॅलिफोर्नियास गेले, तेव्हांही रोग्यांचीं नांवें कपाटांतच होतीं. हॉज १९९० सालीं वारले. तीन वर्षांनीं न्यू मेक्सिकोंतील एका वृत्तपत्राच्या बातमीदार स्त्रीनें त्या रोग्यांपैकीं कांहींचीं नांवें शोधून छापलीं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन ह्यांनीं चौकशीसमिति नेमली आणि ऑक्टोबर १९९५ मध्यें तिचा अहवाल स्वीकारतांना सरकारच्या वतीनें क्षमा मागितली. समितीपुढें रोग्यांच्या नातेवाइकांच्या साक्षी झाल्या. विषशास्त्राच्या पहिल्या अध्यक्षांना प्रश्न विचारण्याची वेळ तोंपर्यंत निघून गेली होती.